विद्यार्थी केंद्रस्थानी होता, पण कशाच्या? नांदेड-लातूरच्या कॉलेजांची गोष्ट

"काय करायलीस गं सध्या?" गावाकडे गेले की हा प्रश्न ठरलेला. पीएचडी करतेय म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "कशात?" आणि तिथे माझी गाडी अडते. विषयाचं छापील नाव सांगितलं तर समोरचा मान डोलावतो आणि पावसाचं बोलायला लागतो. म्हणून आता मी एक प्रसंग सांगते. तुम्हालाही तोच सांगते.

नांदेडहून लातूरला निघालेली एसटी. लोहा मागे पडलंय, अहमदपूर यायचंय. मधल्या सीटवरच्या आजींना चक्कर येते, त्या घामाघूम होतात. कंडक्टर उभा राहून विचारतो, "गाडीत कुणी डॉक्टर आहे का?" मागच्या सीटवर एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी बसली आहे. ती उठेल का? तिच्याकडे अजून पदवी नाही. कायद्याने ती डॉक्टर नाही. पण नाडी बघणं, आजींना आडवं करणं, साखरेची गोळी चालू आहे का हे विचारणं तिला येतं. तिने उठावं की न उठावं हा प्रश्न मी बाजूला ठेवते. मला कुतूहल आहे ते तिच्या मनात त्या क्षणी काय होतं याचं. "हे मला उद्देशून विचारलंय" असं तिला वाटतं का? वाटत असेल तर ते वाटणं तिच्यात कधी आणि कुणामुळे आलं?

या वाटण्याला शिक्षणशास्त्रात व्यावसायिक ओळख म्हणतात. पदवी एका दिवशी मिळते, ओळख मात्र हळूहळू बनते. डॉक्टर, शिक्षक, वकील, इंजिनिअर होणं म्हणजे माहिती गोळा करणं आणि त्याबरोबर "हे काम माझं आहे, ते बिघडलं तर जबाबदारी माझी आहे" असं आतून मानायला लागणं. कॉलेजचं शिकवणं हे घडवतं का, घडवत असेल तर कसं, आणि आपल्या नांदेड-लातूर भागात गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ते कसं झालं किंवा राहून गेलं, हा माझ्या अभ्यासाचा गाभा.

हल्ली प्रत्येक कॉलेजच्या अहवालात "विद्यार्थी-केंद्रित अध्यापन" हे शब्द असतात. नॅकची समिती यायची असली की तर हमखास असतात. तेव्हा आधीच एक सांगून टाकते. विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवणं ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही. नांदेडने ती एका पद्धतीने केली, लातूरने दुसऱ्या. दोन्ही पद्धती मनापासूनच्या होत्या. फरक पडला तो विद्यार्थी कशाच्या केंद्रस्थानी होता यामुळे.

आधी थोडं बाहेरचं

इतिहासाकडे वळण्याआधी दोन अभ्यास सांगते. ते हाताशी असले की पुढची गोष्ट नीट उलगडते.

पहिला लायबेरियातल्या शिंप्यांचा. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या वाय आणि गोला समाजातल्या शिंप्यांकडे काम शिकणाऱ्या पोरांचा अभ्यास केला. नवं पोरगं पहिल्या दिवशी कापड कापायला बसत नाही. ते गुंड्या लावतं, काठ दुमडतं, इस्त्री करतं. म्हणजे कपडा संपतो त्या टोकाकडून शिकायला सुरुवात करतं. कापणी सगळ्यात शेवटी, कारण कापताना झालेली चूक महागात पडते. पण गुंडी लावतानाही ते खऱ्या गिऱ्हाइकाच्या खऱ्या कपड्याला लावत असतं. पहिल्या दिवसापासून ते दुकानातलं माणूस असतं. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये यावरून मांडलं की शिकणं म्हणजे काम करणाऱ्यांच्या समूहात कडेने आत शिरणं. आपल्याकडे सुताराचं, सोनाराचं, तबल्याचं शिक्षण असंच होत आलं, त्यामुळे आपल्याला यात फार नवल वाटू नये.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला. हॉवर्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सस विद्यापीठातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसोबत बराच काळ काढला. १९६१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. मुलं पहिल्या वर्षी येतात तेव्हा रुग्णसेवेची स्वप्नं घेऊन येतात आणि सगळं शिकायचं ठरवतात. काही आठवड्यांत कळतं की सगळं शिकणं शक्य नाही. मग "प्राध्यापक काय विचारतील" एवढंच वाचायचं, असा अलिखित करार मुलांमध्ये होतो. मुलं वाईट नव्हती. परीक्षेची रचना जशी होती तशी ती वागत होती.

शिंप्याचं दुकान आणि कॅन्ससचं वसतिगृह, ही दोन चित्रं डोक्यात ठेवा. आता घरी येऊ.

परक्या भाषेतलं कॉलेज

स्वातंत्र्याआधी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं. त्याचं माध्यम उर्दू. देशात सगळीकडे उच्च शिक्षण इंग्रजीतून चालू असताना एका भारतीय भाषेतून वैद्यक, कायदा, विज्ञान शिकवायचं, त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं उघडून हजारो पारिभाषिक शब्द घडवायचे, हा प्रयोग खरोखर मोठा होता. त्याला नावं ठेवण्याआधी तेवढं मान्य करायला हवं.

पण तो प्रयोग ज्या भाषेत झाला ती नांदेडच्या किंवा लातूरच्या बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा नव्हती. मराठवाड्यात औरंगाबादला १९२३ पासून इंटरपर्यंतचं कॉलेज होतं. पुढे शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. कंधारच्या मुलाला वकील व्हायचं असेल तर आधी उर्दू पक्की, मग कायदा. ज्या लोकांसाठी तो पुढे काम करणार त्यांच्या भाषेपासून त्याचं शिक्षण लांब होतं.

आणि मग १९३८ चं वंदे मातरम् आंदोलन. औरंगाबादच्या कॉलेजच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत मुलांनी वंदे मातरम् म्हणायचा हक्क मागितला. बंदी आली, मुलांनी मानली नाही, शेकडो मुलांची नावं कमी झाली. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकी एक. एरवी हा प्रसंग आपण स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात वाचतो. मी तो शिक्षणाच्या इतिहासातही वाचते. "या कॉलेजात आमची जागा कोणती?" असा प्रश्न विद्यार्थ्यांनी मिळून विचारला, तो या भागात इतक्या ठळकपणे बहुधा पहिल्यांदाच.

त्याच काळात दुसरीकडे एक वेगळी शाळा चालू होती. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजे आपले स्वामी रामानंद तीर्थ, तिथे मुख्याध्यापक होते. नंतर ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करण्याआधी स्वामीजींचं काम मास्तरकीचं होतं, हे आपण विसरतो. या शाळांमधून शिकलेली आणि शिकवणारी माणसं पुढे लढ्यात दिसतात. विद्यार्थ्याच्या आयुष्याला शाळेबाहेरच्या मोठ्या कामाशी जोडायचं, ही रीत तिथे रुजली होती.

नांदेड, १९५०

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. आता कल्पना करा, एका रात्रीत राज्यकारभाराची भाषा, कायदे, कोर्टाची रीत बदलायला लागली. या भागाला मराठीतून शिकवणारे शिक्षक हवेत, नवे कायदे जाणणारे वकील हवेत, कचेऱ्यांत बसणारी माणसं हवीत. आणि ती तयार करणारी कॉलेजं नाहीत.

या पोकळीत १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. प्रेरणा स्वामीजींची, संस्था नांदेड एज्युकेशन सोसायटी. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, ते पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ होईपर्यंत इथली कॉलेजं उस्मानियालाच जोडलेली होती. दोन्ही संस्थांच्या नावात "पीपल्स" आहे. नावातून त्या काळाची हवा कळते. कॉलेज लोकांचं, आणि त्यातून निघणारा माणूस लोकांच्या उपयोगाचा, अशी ती अपेक्षा.

आता पीपल्स कॉलेजमधल्या एका प्राध्यापकाकडे बघू. नरहर कुरुंदकर. तुमच्यापैकी अनेकांनी "जागर" किंवा "शिवरात्र" वाचलं असेल. जन्म १९३२ चा, नांदापूरचा. शिक्षण हैदराबादला मामांकडे. हा मुलगा इंटरच्या परीक्षेत नापास होत राहिला. वाचन अफाट, पण परीक्षेशी जमेना. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले, नोकरी करत पदव्या घेतल्या, १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे तिथेच प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला भाषण करताना व्यासपीठावरच त्यांचं निधन झालं. वय पन्नाशीच्या आत.

परीक्षेत नापास झालेला माणूस कॉलेजचा प्राचार्य होतो, ही गंमत म्हणून सांगितली जाते. मला त्यातला शिक्षणाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कुरुंदकरांची व्यावसायिक ओळख परीक्षेने दिलेली नव्हती. शाळेतली पोरं, राष्ट्र सेवा दलाचे सहकारी, वाद घालायला येणारे मित्र, गावोगावचे श्रोते यांच्यासमोर रोज शिक्षक म्हणून उभं राहून ती बनली. पदवी मागून आली. शिंप्याच्या दुकानातल्या पोरासारखंच झालं की हे.

त्यांच्या शिकवण्याची ख्याती तासापुरती नव्हती. वर्गातला विषय बाहेर गप्पांमध्ये चालू राहायचा, आणि त्यात विद्यार्थ्याने असहमत व्हायला मुभा होती. मनुस्मृती असो, शिवाजी महाराज असोत की हैदराबादचा लढा, त्यांचं लेखन वाचलं तर ही सवय दिसते. समोरच्याचा आक्षेप आधी पूर्ण ताकदीने मांडायचा, मग उत्तर द्यायचं. असं शिकवणं ज्याच्या वाट्याला येतं तो विद्यार्थी विषयाबरोबर शिक्षक असणं म्हणजे काय तेही शिकतो. मराठवाड्यातल्या शाळा-कॉलेजांत पुढच्या दोन पिढ्या शिकवणाऱ्यांत "आम्ही गुरुजींचे विद्यार्थी" असं सांगणारी माणसं अजून भेटतात.

पण हा सुवर्णकाळ होता असं मी म्हणणार नाही. अशा कॉलेजात पोचणारी मुलं मुळात थोडी होती. मुली त्याहून थोड्या. आणि घरात ज्यांच्याकडे पुस्तकं होती, त्यांना गप्पांमधून शिकणं सोपं जात होतं. ज्याचा बाप सालगडी, त्याला वाडेकरांच्या ओसरीवरच्या चर्चेत बसायला आधी धीर गोळा करावा लागत असणार. एका मोठ्या माणसाभोवती उभी राहिलेली पद्धत त्या माणसाबरोबर जाते, हीदेखील अडचण. कुरुंदकर गेले तेव्हा त्यांच्या शिकवण्याची कुठली नियमावली मागे राहिली नाही, आणि ती करता आलीही नसती.

लातूर: चूक सापडेपर्यंत

लातूरने जे केलं ते याच्या उलट टोकाचं. लातूरने पद्धत उभी केली.

राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका, जिल्हा झाला १९८२ मध्ये. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना आली आणि बारावी हे दार झालं. मेडिकल, इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या विज्ञान विषयांच्या गुणांवर. दार एकच, आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नावं पुण्या-मुंबईकडची. आपल्या मुलांना हुशारी कमी म्हणून हे होतंय, असं इथल्या लोकांनाही वाटायला लागलं होतं.

शाहू महाविद्यालयाच्या शिक्षकांनी हा समज मोडायचा ठरवला. त्यातून जे घडलं ते आधी "शाहू पॅटर्न" आणि मग सगळ्या राज्यात "लातूर पॅटर्न" म्हणून गाजलं. अभ्यासक्रम लवकर संपवायचा. उरलेला काळ सरावाला. बोर्डाच्या धर्तीवर चाचण्यांमागून चाचण्या. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हातात, चूक कुठे झाली ते त्याच्याशी बसून शोधायचं. शंका विचारायला शिक्षक रात्री उशिरापर्यंत हजर. कुठला मुलगा कुठल्या धड्यात मागे आहे हे शिक्षकाला पाठ. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून आणि १९९० च्या दशकात गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकायला लागली.

या काळात कॉलेजला दिशा देणाऱ्यांत प्राचार्य जनार्दन वाघमारे हे मोठं नाव. ते इंग्रजीचे प्राध्यापक, आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याचे मराठीतले अभ्यासक. पुढे १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, त्याचे ते पहिले कुलगुरू. ज्यांना मागे ठेवलं गेलं त्यांच्या साहित्याचा अभ्यास करणारा माणूस मागास समजल्या जाणाऱ्या भागातल्या कॉलेजच्या प्रमुखपदी होता, हे मला कायम लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

लातूर पॅटर्नला घोकंपट्टी म्हणून हसणं सोपं आहे. पण नीट बघा. प्रत्येक मुलाची चूक वेगळी आहे हे मानणं, ती वेळेवर दाखवणं, दुरुस्तीला परत संधी देणं: आज प्रशिक्षणांमध्ये विद्यार्थी-केंद्रित अध्यापन म्हणून जे शिकवतात त्यातलं निम्मं हेच आहे. आणि यात ओसरीवरच्या चर्चेत बसण्याचा धीर लागत नव्हता. निलंग्याच्या, उदगीरच्या, देगलूरच्या शेतकऱ्याच्या पोराला हे जमलं. तो डॉक्टर झाला. हे छोटं काम नाही.

मग कमी काय पडलं? विद्यार्थी केंद्रस्थानी होता, पण प्रश्नपत्रिकेच्या. त्याच्या चुकीने नुकसान होत होतं ते फक्त त्याच्या गुणांचं. त्या दोन वर्षांत त्याच्या कामाची गरज असलेला कुणीही त्याला भेटत नव्हता. रुग्ण नाही, गिऱ्हाईक नाही, शाळेतलं पोर नाही. तो गुंडी लावत नव्हता, गुंडीवरच्या प्रश्नांची उत्तरं लिहीत होता. बेकरने कॅन्ससला जे पाहिलं, "विचारलं जाईल तेवढंच", ते इथे सतराव्या वर्षीच पक्कं होत होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी स्वतः बारावी लातूरला केली. मेसचा डबा, चौघींची एक खोली, भिंतीवर चिकटवलेली सूत्रं. दोनदा प्रवेश परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. त्या तीन वर्षांत मला "डॉक्टर होणार" एवढीच ओळख होती. नातेवाईक डॉक्टरीणबाई म्हणून हाक मारायचे. पण मी एकाही आजारी माणसाजवळ बसून त्याला काय होतंय हे विचारलं नव्हतं. जागा मिळाली नाही तेव्हा हातातून नेमकं काय निसटलं हेही मला सांगता येत नव्हतं. जे कधी केलंच नाही ते गमावल्याचं दुःख, असं काहीसं. माझ्या पीएचडीच्या विषयाचं मूळ तिथे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

कॉलेजातून क्लासमध्ये

पुढे बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली. प्रवेश बारावीच्या गुणांवरून सीईटीवर गेला आणि २०१६ पासून नीट सक्तीची झाली. प्रश्नपत्रिका पर्यायांची झाली तसा सगळा सराव बदलला, आणि त्याची जागाही बदलली. लातूरला उद्योग भवनचा परिसर "ट्यूशन एरिया" झाला. नांदेडला श्यामनगर-बाबानगर. अकरावीचा प्रवेश कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये. माझा मावसभाऊ दोन वर्षांत कॉलेजात गेला तो प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला आणि हॉलतिकिटाला. ज्या गावाने कॉलेजच्या शिक्षकांच्या कष्टातून पॅटर्न उभा केला, तिथे कॉलेजचा शिक्षकच मुलाला अनोळखी झाला.

हे फक्त फीचं दुखणं नाही. क्लासमधला शिक्षक उत्तम शिकवतोही. पण त्याचं आणि मुलाचं नातं निकालाच्या दिवशी संपतं. आणि निकालाच्या फलकावर ज्यांचे फोटो लागत नाहीत ती मुलं कितीतरी पट जास्त असतात. त्यांना आपल्याकडे एकच नाव आहे, "रिपीटर". बीएस्सीला, बीएडला, शेतीला, दुकानाला ती मुलं जातात ती हरून आल्यासारखी. चांगला शिक्षक किंवा चांगला प्रयोगशाळा सहायक होणं हीही ओळख आहे, हे त्यांना अठरा वर्षांत कुणी दाखवलेलं नसतं.

दाराच्या आत

ज्यांना जागा मिळते त्यांचं काय? आपल्या भागात वैद्यकीय कॉलेजं आहेत. अंबाजोगाईचं १९७० च्या दशकातलं, ग्रामीण भागासाठी म्हणून मुद्दाम काढलेलं. नांदेडचं शासकीय १९८८ चं. लातूरचं शासकीय २००२ चं. २०१९ च्या तुकडीपासून देशभर एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. सुरुवातीला एक महिन्याचा पायाभूत वर्ग, पहिल्या वर्षापासून रुग्णांशी ओळख, आणि वृत्ती, नीती व संवाद यांचा स्वतंत्र भाग. रुग्णाला वाईट बातमी कशी सांगायची, परवानगी कशी घ्यायची, याचे तास. त्यानंतर कुटुंब दत्तक योजना आली: प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं आपली मानायची आणि शिक्षणाच्या काळात त्यांच्या घरी जात राहायचं.

कागदावर हे शिंप्याचं दुकान आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शस्त्रक्रिया करणार नाही, पण रक्तदाब मोजेल, आजोबा गोळी का घेत नाहीत ते विचारेल. ती गुंडी. आणि ती खऱ्या माणसाच्या कपड्याला.

प्रत्यक्षात अडचण अशी आहे की हा विद्यार्थी दोन-तीन वर्षं फक्त चार पर्यायांतला एक निवडत आलेला असतो. आजोबा पर्याय देत नाहीत. ते आधी पिकाचं सांगतात, मग मुलाचं, मग गुडघ्याचं, आणि जाता जाता छातीत दुखतं म्हणतात. हे ऐकत बसायला लागणारा धीर कुठल्याही सराव परीक्षेत तपासलेला नसतो. भेट झाली, सही झाली, जर्नल पूर्ण झालं, एवढ्यावर हे कुटुंब दत्तक घेणंही संपू शकतं. परीक्षार्थी प्रत्येक गोष्टीची परीक्षा करून टाकतो. सवयच ती.

आणि विद्यार्थी ज्या वॉर्डात शिकतो तो वॉर्डही शिकवत असतो. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली. त्यात बारा नवजात बाळं होती. चर्चा औषधांची, मनुष्यबळाची, गर्दीची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मला त्यात विद्यार्थीही दिसत होते. जिथे एका सिस्टरकडे क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण असतात, तिथे संवादाच्या तासाला शिकलेलं किती टिकतं? वरिष्ठ थकलेले असतील तर विद्यार्थी थकणंच शिकतो. ओळख घडवणाऱ्या शिकवण्याला वर्गापेक्षा जास्त गोष्टी लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच अर्थसंकल्पात ठरतात.

मग इतिहास काय सांगतो?

माझं काम अजून चालू आहे, पण एवढं म्हणायला मला हरकत वाटत नाही. या भागात जिथे जिथे शिकवण्यातून माणसाची कामाची ओळख घडली तिथे तीन गोष्टी एकत्र होत्या. विद्यार्थ्याच्या हातात लहान का होईना खरं काम होतं. त्याच्या दोन पावलं पुढे असलेलं, त्याला नावाने ओळखणारं माणूस होतं. आणि त्याच्या कामाची गरज असणारं, चुकला तर सांगणारं कुणीतरी समोर होतं. हिप्परग्याच्या शाळेत तिन्ही होत्या. कुरुंदकरांना स्वतः शिकताना तिन्ही मिळाल्या. लातूरने मधली गोष्ट सगळ्यात भक्कम केली, तीही हजारो मुलांसाठी. बाकीच्या दोन तिच्यात नव्हत्या.

म्हणून नांदेड बरं की लातूर बरं, असा हिशेब मी मांडत नाही. लातूरची शिस्त, प्रत्येक मुलाची चूक शोधण्याची चिकाटी आपल्याला हवीच आहे. तीच चिकाटी आजोबांची तक्रार नीट ऐकली का हे तपासायला वापरता येईल. चाचणी घ्यायचीच तर त्याची घ्या. दोन वर्षांच्या बीएडमध्ये वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. त्या वीस आठवड्यांत छात्राध्यापकाने घेतलेला एक तास आणि त्यावर अनुभवी शिक्षिकेने शेजारी बसून केलेली चर्चा, हा लातूर पॅटर्नचाच पुढचा भाग ठरू शकतो. अकरावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास प्राथमिक आरोग्य केंद्रात, कृषी विज्ञान केंद्रात, जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवलं, तर दार उघडलं नाही तरी हातात काहीतरी राहील. नुसतं "डॉक्टर होणार होते" एवढंच नाही.

त्या एसटीतल्या मुलीकडे परत जाऊ. मला वाटतं ती उठेल, जर आधी कुण्या आजींच्या घरी ती दहा वेळा गेलेली असेल आणि अकराव्या वेळी आजींनी विचारलेलं असेल, "मागच्या महिन्यात का नाही आलीस?"

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर जुन्या कॉलेजचे वार्षिकांक, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, तपासलेल्या उत्तरपत्रिका, वसतिगृहातली पत्रं असतील तर रद्दीत घालू नका. कॉलेजच्या अहवालात शिक्षक काय बोलले ते असतं. विद्यार्थ्याला काय वाटलं ते या कागदांमध्येच सापडतं, आणि माझं निम्मं संशोधन अशाच कागदांवर उभं आहे.